दोन सेंटिमीटरांचा पूर्ण मासा

रायगड किनाऱ्यावरच्या एका खाजणाच्या बांधावर मी हा मासा पहिल्यांदा पाहिला, म्हणजे खरं तर त्याची सावली पाहिली. ओहोटी लागली होती. उघाडीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, पाणी खाडीकडे परतत होतं आणि बांधाच्या आडोशाला, तिवरांच्या श्वासमुळांमध्ये, एक लहानसं डबकं मागे राहिलं होतं. ऊन डोक्यावर आलेलं. डबक्याच्या तळाशी, मऊ चिखलावर, सुईएवढ्या पंधरा-वीस सावल्या एकाच दिशेला तोंड करून थरथरत होत्या. वर पाण्यात मात्र काहीच दिसेना. नजर जरा स्थिरावली तेव्हा सावलीच्या वर, पाण्याच्या अगदी पापुद्र्याला चिकटून, दोन-दोन काळे ठिपके दिसायला लागले. ते डोळे होते.

पाग खांद्यावर टाकून एक काका बांधावरून चालले होते. त्यांना विचारलं, "काका, हे कुठले मासे?"

त्यांनी वाकून पाहिलं. "पोरं आहेत ती, बोयटांची. मोठी होऊ देत."

मीही तेच समजलो असतो. पण काचेच्या बरणीत त्यातले चार-पाच घेऊन उन्हासमोर धरले, तेव्हा एकीच्या पोटात गोल गोल अंडी दिसली. कातडीच्या आरपार, मोजता येतील इतकी स्पष्ट. जिच्या पोटात अंडी तयार आहेत ती काही पिल्लू असणार नाही. हा मासा मोठा व्हायचा बाकी नव्हता. जेमतेम दोन सेंटिमीटर हीच त्याची पूर्ण वाढ होती.

या माशाचं शास्त्रीय नाव ओरायझियस सेटनाय. बाजारात तो विकला जात नाही, ताटात येत नाही, म्हणून कोळीवाड्यात त्याला वेगळं नाव मिळालेलं मी तरी ऐकलं नाही. या प्रकरणात मी त्याला ‘सेटनाय’ म्हणेन. काठेवाडपासून केरळपर्यंत, म्हणजे भारताच्या जवळजवळ सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर, खाड्यांच्या निमखाऱ्या पाण्यात तो राहतो. कधी कधी गोड्या पाण्यातही सापडतो. आणि विज्ञानाला त्याची ओळख झाली ती आपल्या मुंबई इलाख्यात.

पाण्याच्या छताशी

खाडीचं पाणी वरून एकसारखं दिसतं, पण त्यात मजले असतात. तळाच्या चिखलात निवट्या आणि खेकडे, मधल्या पाण्यात बोय आणि कोळंबी, आणि अगदी वर, हवा आणि पाणी जिथे भेटतात त्या बोटभर थरात, वेगळीच वस्ती. सेटनाय या वरच्या मजल्यावरचा रहिवासी.

हा मजला राहायला सोपा नाही. पहिली अडचण मिठाची. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. माशाच्या रक्तातलं प्रमाण त्याच्या जवळपास एक तृतीयांश. खाऱ्या पाण्यात मासा असला की त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. तेव्हा त्याला पाणी पीत राहावं लागतं आणि जादा क्षार कल्ल्यांमधल्या खास पेशींतून बाहेर टाकावे लागतात. गोड्या पाण्यात सगळं उलटं होतं. पाणी अंगात शिरतं, ते भरपूर पातळ मूत्राच्या रूपाने काढून टाकायचं आणि क्षार मात्र धरून ठेवायचे. खाडीतल्या माशाला ही दोन्ही कामं येणं भाग आहे, कारण तिथे भरती-ओहोटीबरोबर दिवसातून कितीदा तरी पाण्याची चव बदलते.

पृष्ठभागावरच्या माशाला हा बदल सगळ्यांत जास्त सोसावा लागतो. गोडं पाणी हलकं, खारं पाणी जड. आषाढात नदी फुगून खाडीत उतरते तेव्हा तिचं गढूळ गोडं पाणी वरून वाहतं आणि समुद्राचं पाणी पाचरीसारखं खालून आत सरकतं. पुरुषभर खाली पाणी चांगलं खारट असताना वरच्या वीतभर थरातलं पाणी जवळपास गोडं असू शकतं. वैशाखात त्याच खाजणातलं अडकलेलं पाणी आटून समुद्रापेक्षा खारट होतं. एकाच जागी राहून हा मासा एका वर्षात नदी आणि समुद्र दोन्ही अनुभवतो.

दुसरी अडचण प्राणवायूची. पाणी जितकं गरम आणि जितकं खारट, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. तिवरांच्या चिखलात पानं कुजत असतात, ती कुजवणारे जीवाणू उरलासुरला प्राणवायूही वापरून टाकतात. पहाटे, रात्रभर शैवालांचं प्रकाशसंश्लेषण बंद राहिल्यावर, अशा डबक्याचा तळ जवळजवळ गुदमरलेला असतो. पण हवेला भिडलेला काही मिलिमीटरांचा थर मात्र हवेतून सतत प्राणवायू घेत असतो. ज्या माशाचं तोंड त्या थराला लागतं, तो तगतो.

तिसरी अडचण लपण्याची. तळाशी चिखल आहे, कडेला मुळं आहेत, मधल्या पाण्यात गढूळपणा आहे. छताशी काहीच नाही. वर फांदीवर खंड्या बसलेला, काठाला बगळा उभा, खालून मोठा मासा पाहतोय, आणि सगळीकडून ऊन.

सेटनायच्या अंगावरची जी जी खूण आपण ओळखीसाठी वापरतो, ती यातल्या कुठल्या ना कुठल्या अडचणीतून त्याने काढलेली वाट आहे. म्हणून या माशाची ओळख नुसती पाठ करायची गरज नाही. तो कुठे आणि कसा जगतो हे समजलं की त्याच्या खुणा आपोआप लक्षात राहतात.

बरणीतली ओळख

सेटनाय ओळखायचा तर बाजूने पाहायला हवा. वरून पाहिलं तर दोन डोळे आणि एक रेघ एवढंच कळतं. सपाट बाजूंची काचेची बरणी, मागून येणारा उजेड आणि दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग एवढं पुरतं. बरणीत पाणी त्याच डबक्यातलं घ्यायचं. नळाचं घेतलं तर क्षारांच्या एकदम झालेल्या बदलाने आणि क्लोरीनने मासा दगावतो.

पहिली खूण पारदर्शकपणा. मणका, परांच्या काड्या, पोटातली अंडी, सगळं आरपार दिसतं. लपायला जागा नसलेल्या ठिकाणी स्वतःच दिसेनासं होणं हा उत्तम उपाय. पण डोळा पारदर्शक करून चालत नाही, कारण पाहण्यासाठी डोळ्याच्या पडद्याने उजेड अडवावाच लागतो. म्हणून डबक्यात मला आधी फक्त काळे ठिपके दिसले. मासा मेला की अंग पांढुरकं होतं आणि ही खूण हरवते, तेव्हा पाहायचा तो जिवंतच.

दुसरी खूण तोंड. खालचा जबडा पुढे आलेला, तोंड वरच्या बाजूला उघडणारं. पाठीची रेघ डोक्यापासून मागे जवळजवळ सरळ, पोटाची मात्र कमानदार. अशा बांध्याचा मासा अंग न वाकवता छताला समांतर राहून पृष्ठभागावरचं अन्न टिपू शकतो आणि वरचं प्राणवायूयुक्त पाणी कल्ल्यांवर घेऊ शकतो. तरंगते सूक्ष्म जीव, बारीक कवचधारी प्राणी आणि डायॅटमसारखी शैवाल हा त्याचा आहार.

तिसरी खूण पाठीवरचा पर. तो अगदी इवला आणि शेपटीच्या जवळ, खूप मागे सरकलेला. पाठीच्या मध्यावर पर असता तर छताशी तरंगताना तो पाण्याबाहेर आला असता. पृष्ठभागावर राहणाऱ्या कितीतरी माशांमध्ये, अगदी एकमेकांशी दूरचं नातं असलेल्यांमध्येही, हा पर असा मागे गेलेला दिसतो.

चौथी खूण पोटाखालचा, गुदद्वारामागून शेपटीकडे जाणारा लांबलचक पर. याला आपण गुदपर म्हणू.

एवढ्या खुणा हाताशी असल्या की त्याच पाण्यात भेटणारे सोबती वेगळे काढणं कठीण नाही. बोयटाच्या पिल्लाच्या पाठीवर दोन वेगवेगळे पर असतात आणि अंगावर रुपेरी झाक असते. काचमासाही पारदर्शक, पण त्याचं अंग उंच, चपटं, आणि पाठीवरच्या पुढच्या पराला काटे. चोचमाशाचा खालचा जबडा सुईसारखा लांब पुढे आलेला, वरचा आखूड. डोक्यावर चांदीचा ठिपका चमकत असेल आणि अंग भरीव असेल, तर तो पॅनचॅक्स. पृष्ठभागावरचाच, पण आकाराने सेटनायच्या कितीतरी पट.

सगळ्यांत जास्त घोटाळा होतो तो गप्पी माशांशी. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आपल्याकडे विहिरींत, हौदांत, गटारांत सोडले जाणारे गप्पी आणि गॅम्बुसिया हे दोन्ही परके मासे. गॅम्बुसिया भारतात 1928 साली इटलीहून आणला गेला. तोही लहान, वर तोंड असलेला, पृष्ठभागावर फिरणारा. पण त्याचं अंग धुरकट, पोट फुगीर, आणि गुदपराची बैठक आखूड. सेटनायचा गुदपर लांब. शंका आली की आधी हा पर पाहावा.

उजवी बाजू मोकळी

आता भिंग डोळ्याला लावून नर आणि मादी वेगळे पाहू. इथे हा मासा जगातल्या बहुतेक माशांपेक्षा निराळा ठरतो.

नराच्या गुदपराच्या पहिल्या सहा काड्या उरलेल्या परापासून सुट्या होऊन त्यांचा एक लांब, गुंतागुंतीच्या टोकाचा अवयवच बनलेला असतो. हे त्याचं मीलनांग. मादीच्या पोटाखाली पाहिलं तर आणखी नवल दिसतं. माशांच्या पोटाखाली परांची एक जोडी असते, एक डावा, एक उजवा. सेटनायच्या पूर्ण वाढलेल्या मादीला डावा पर असतो, उजवा नसतो. अपघाताने तुटलेला नाही. तिची ठेवणच तशी.

मासे बहुधा पाण्यात अंडी सोडतात आणि नर त्यांच्यावर शुक्राणू सोडतो. फलन बाहेर, पाण्यात होतं. सेटनायमध्ये फलन मादीच्या शरीरात होतं आणि त्याची रीत अगदी खास आहे. नर शुक्राणू सुटे देत नाही. त्याच्या शरीरात शुक्राणूंच्या बारीक कुप्या तयार होतात. कुपीचं एक टोक फुगीर, दुसरं टोकदार आणि काटेरी. मीलनाच्या वेळी ही कुपी मादीच्या जननद्वाराजवळच्या कातडीत रुतवली जाते आणि काट्यांमुळे तिथे घट्ट राहते. तिच्यातले शुक्राणू आत जातात. उजवा पर नसल्यामुळे मादीच्या अंगावर या कामासाठी जागा मोकळी राहते. शुक्राणू असे कुपीत भरून देण्याची पद्धत आपल्या बाजारात मिळणाऱ्या माकूलमध्येही आहे, पण हाडं असलेल्या माशांमध्ये अशी काटेरी कुपी फारच दुर्मिळ.

एवढा खटाटोप कशासाठी, याचा विचार खाडीकाठी उभं राहून केला तर एक उत्तर सुचतं. भरती-ओहोटीच्या ओढीत सुटे शुक्राणू क्षणात वाहून जातील. पाण्याचा खारटपणाही सतत बदलता, आणि शुक्राणू त्या बदलाला फार नाजूक. कुपीत बंद करून थेट मादीच्या अंगावर पोचवले तर ही दोन्ही संकटं टळतात. हे माझं अनुमान आहे, पण जागेला शोभणारं आहे.

गप्पीची मादी पिल्लांना जन्म देते. सेटनायची मादी तसं करत नाही. फलन आत झालं तरी ती अंडीच घालते. अंड्यांवर बारीक तंतू असतात आणि त्यांनी ती पाण्यातल्या वनस्पतींना चिकटून राहतात. त्यामुळे ओहोटीबरोबर ती समुद्राकडे वाहून जात नाहीत.

नाव कसं पडलं

1940 साली कलकत्त्याहून निघणाऱ्या ‘रेकॉर्ड्‌स ऑफ द इंडियन म्युझियम’ या नियतकालिकात सी. व्ही. कुलकर्णी यांचा एक दीर्घ निबंध आला. मुंबई इलाख्यात सापडलेल्या या माशाची रचना, राहणी आणि वाढ यांचं त्यात चाळीसहून जास्त पानांचं वर्णन होतं. पुढे महाराष्ट्राच्या मत्स्यविकासात आणि महसीर माशाच्या संवर्धनात ज्यांनी मोठं काम केलं, तेच हे कुलकर्णी. दोन सेंटिमीटरांच्या, बाजारात कवडीची किंमत नसलेल्या माशावर त्यांनी एवढी मेहनत घेतली आणि त्यातून विज्ञानाला नवी जातीच काय, नवं कुळही मिळालं. उजव्या पराचं नसणं आणि शुक्राणूंची कुपी इतकी वेगळी होती, की ओळखीच्या कुठल्याच कुळात हा मासा बसेना.

नाव ठेवलं होराइक्थिस सेटनाय. ‘इक्थिस’ म्हणजे ग्रीक भाषेत मासा. ‘होरा’ हे सुंदरलाल होरा यांच्यावरून. ते भारतातले थोर मत्स्यशास्त्रज्ञ आणि पुढे झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे संचालक. ‘सेटनाय’ हे मुंबई सरकारच्या मत्स्यखात्याची धुरा सांभाळणारे डॉ. एस. बी. सेटना यांच्यावरून. एका इवल्या माशाच्या नावात आपल्या देशाच्या मत्स्यविज्ञानाचा एक काळ जपला गेला आहे.

कुलकर्णींनी हा मासा गप्पीच्या गोतावळ्याजवळ ठेवला होता, आणि ते स्वाभाविक होतं. दोघांच्या नरांना गुदपरापासून बनलेलं मीलनांग. पण नीट पाहिलं तर गप्पीमध्ये ते मुख्यतः तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या काडीचं बनतं, सेटनायमध्ये पहिल्या सहा काड्यांचं. एकच काम, पण घडण वेगळी. 1981 साली डॉन रोझेन आणि लिन पॅरेंटी यांनी कल्ल्यांच्या कमानींच्या आणि जिभेखालच्या हाडांचा तुलनात्मक अभ्यास करून दाखवलं, की सेटनाय ज्यात येतो तो भातखाचरातल्या माशांचा सगळा गट गप्पीचा नातलग नसून चोचमासे, टोळ मासे आणि उडणारे मासे यांचा आहे. पुढे 2008 साली पॅरेंटी यांनी या गटाची फेरमांडणी केली आणि आपला मासा ओरायझियस या प्रजातीत घातला. तांदळाचं शास्त्रीय नाव ओरायझा. त्यावरून हे नाव. म्हणजे खाजणात ज्या चोचमाशापासून आपण सेटनाय वेगळा काढतो, तोच त्याचा दूरचा भाऊबंद निघाला, आणि ज्याच्याशी घोटाळा होतो तो गप्पी पार परका.

याच प्रजातीतला एक मासा जगप्रसिद्ध आहे. जपानच्या भातखाचरातला मेदाका. जपानी भाषेत ‘मे’ म्हणजे डोळा आणि ‘ताका’ म्हणजे उंच. डोळे वर असलेला तो मेदाका. 1921 साली तात्सुओ आइदा यांनी या माशाच्या रंगांचा अभ्यास करून नराच्या वाय गुणसूत्रावरून गुण पुढच्या पिढीत जातात हे दाखवलं. 1994 साली चार मेदाका ‘कोलंबिया’ यानातून अंतराळात गेले, तिथे त्यांचं मीलन झालं, अंडी घातली गेली आणि त्यांतली काही तिथेच फुटून पिल्लंही बाहेर आली. 2007 साली त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. जपानी मुलांना शाळेत मेदाका पाळायला देतात. त्याचा सख्खा नातलग आपल्या खाड्यांमध्ये आहे, आणि कुठल्याही नातलगाला नाही अशी उजवी बाजू मोकळी असलेली मादी त्याच्यात आहे.

डबकं राहील तोवर

आज जागतिक यादीत सेटनाय धोक्यात असलेल्या जातींमध्ये नाही. त्याचा पसारा लांब आहे, किनाऱ्यावर सगळीकडे विखुरलेला. पण तो राहतो त्या जागा कुठल्या आहेत ते पाहा. बांधाच्या आडोशाची डबकी, उघाडीचं तोंड, तिवरांमधल्या चिंचोळ्या चऱ्या, मिठागराच्या कडेचे चर. नकाशावर या जागांना नाव नसतं, आणि भराव टाकायला पहिल्यांदा याच जागा निवडल्या जातात. उघाडी बुजली की भरतीचं पाणी आत येत नाही. पाणी आलं नाही की डबकं आधी गोडं होतं, मग गाळाने भरतं. तिवर उभे दिसत राहतात, पण त्यांच्या पायाशी असलेलं जग संपलेलं असतं.

तिवरांसाठी आपल्याकडे खूप काही झालं आहे. 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवन तोडण्यावर बंदी आणली. 2012 साली राज्याच्या वनविभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. 2022 साली ठाणे खाडीला रामसर स्थळाचा मान मिळाला. झाडं आणि रोहित पक्षी यांच्याबरोबर त्या पाण्याच्या छताशी राहणाऱ्यांचीही मोजदाद व्हावी, त्यांच्या नोंदी ठेवल्या जाव्यात, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. खाडीकाठच्या कुठल्याही शाळेतली मुलं बरणी आणि भिंग घेऊन हे काम करू शकतील. एक पथ्य मात्र सगळ्यांनीच पाळावं. घरातले गप्पी किंवा शोभेचे मासे खाडीत, ओढ्यात, खाजणात सोडू नयेत. परका मासा तिथे तगला तर तो याच छताखालची जागा आणि याच थरातलं अन्न वाटून घेतो.

त्या दिवशी बरणी मी काकांच्या हातात दिली. त्यांनी ती उन्हासमोर धरली, फिरवली, डोळे बारीक करून पाहिलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अंडी धरलीयेत की हिने."

"हो काका. एवढीच होते ही."

"इतकी वर्षं पोरंच समजत होतो." त्यांनी वाकून बरणी डबक्यात आडवी केली आणि मासे आपसूक बाहेर पडेपर्यंत ती तशीच धरून ठेवली. क्षणात पाण्यात काही दिसेनासं झालं. तळाच्या चिखलावर मात्र सावल्या पुन्हा एका दिशेला तोंड करून उभ्या राहिल्या होत्या.